कोर्टवर ‘आपण’ म्हणावे

२ ऑगस्ट
सिंगापुरात, चोआ चू कांगच्या आमच्या काँडोत ‘व्हिक्टोरियन डबल्स’ होणार. फक्त पुरुष, लाकडी रॅकेट, पांढरी फुल पॅन्ट, सर्व्हिस खालून. कप माझाच. पार्टनर निशिकांत. तुआसला इंजिनिअर, मूळ गिरगावचा. मित्र म्हणून उत्तम, पण खेळताना ‘अरे घे ना, मेल्या’ असं ओरडतो. शी! राणीच्या काळात विम्बल्डनला सभ्य गृहस्थ खेळत.
उद्यापासून पहाटे प्रॅक्टिस.

३ ऑगस्ट, सकाळी ९
पहाटे उठलो होतो. हवा दमट. सभ्य माणूस दमट हवेत खेळत नाही. त्याऐवजी नियम केला: कोर्टवर अरे-तुरे बंद, एकमेकांना ‘आपण’ म्हणायचं. निशिकांतला कळवलं. म्हणाला, चालेल, आपल्याला काय!

९ ऑगस्ट
पॅन्ट आली. गरम कापड. लिफ्टपर्यंत जाईस्तोवर पायांना चिकटली. किळस आली. साधना म्हणाली, घामोळं येईल, पावडर लावून जा. चॅम्पियनच्या बायकोने असं बोलू नये.

१५ ऑगस्ट
फायनलला पोहोचलो! एकही मॅच न खेळता. ती पॅन्ट पाहून बाकीच्या जोड्यांनी नावंच काढून घेतली. उरले मिस्टर को आणि त्यांचे सासरे. सासऱ्यांच्या गुडघ्याला पट्टा. दया येते. रॅफल्स प्लेसला ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं. कपासाठी डेस्कवर जागा केली. भाषण लिहिलं. निशिकांतचा उल्लेख शेवटी, उदारपणे.

१७ ऑगस्ट, दुपारी
हरलो म्हणणं चूक.
तो म्हातारा प्रत्येक बॉल आम्हा दोघांच्या मध्ये टाकत होता. हा काय खेळ? मी दर वेळी आदराने ओरडलो, आपण! म्हणजे निशिकांतराव, आपण घ्या. आणि हा ठोंब्या कडेला सरकून मलाच वाट करून देई. बॉल मधून पसार. शेवटच्या पॉइंटला तोच ओरडला, आपण! मला वाटलं, मला बोलावतोय. धावलो. तोही धावला. माझी रॅकेट मोडली.
मग सगळ्यांसमोर म्हणाला, गिरगावात आपण म्हणजे मी! मी म्हटलं, पुण्यात आपण म्हणजे तुम्ही, आणि तुमच्यासारख्या गावंढळाबरोबर मी पुन्हा खेळणार नाही. तो निघून गेला. को मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमातलंच आहे.
काकडीची सँडविचेस तोंडाला लावली नाहीत. गिळगिळीत.

१८ ऑगस्ट
इरा म्हणाली, बाबा, ‘आपण’ मीन्स वुई, ला. बोथ ऑफ यू.
वाक्याच्या शेवटी इथलं ते ‘ला’! इथे वाढलेल्या मुलांचं मराठी फारच कच्चं.

२३ ऑगस्ट
निशिकांतचा फोन नाही. माफीसाठी शब्द जुळवत असेल. बारा वर्षांत पहिल्यांदा शनिवारचा चहा एकट्याने प्यायलो. पानचट. करमत नाही. हवेमुळे.

३० ऑगस्ट, संध्याकाळी ५
बेल वाजली. दारात निशिकांत! मी क्षमाशील चेहरा करून उभा राहिलो. तो म्हणाला, इरा तयार आहे का? मिक्स्ड डबल्सला दोघांनी नाव दिलंय म्हणे. आमची कन्या बूट घालूनच बाहेर आली. बापाला विचारलंसुद्धा नाही! सगळ्या जगाचाच वीट आला.
जाता जाता निशिकांत म्हणाला, बॉल उचलायला कोणीतरी लागेल, येतोस?
मी म्हटलं, हा अपमान आहे. विचार करून सांगतो.
आणि लिफ्ट धरून ठेवायला सांगितली.