निर्णय कोणाचा, ही चौकट

टाकवे बुद्रुक, मंगळवार संध्याकाळ

दोन चहा झाले तरी डोकं ताळ्यावर नाही. आमच्या तंबूंच्या कॅम्पसाठी बुकिंगचं ॲप करायचंय. त्याच्या कामांची यादी, बॅकलॉग, सकाळी एआयकडून करून घेतली. भराभर मांडलं त्यानं सगळं. मग विचारलं: आधी काय करायचं, याचा अंतिम निर्णय कोणाचा? त्या चौकटीत मी सवयीनं सासऱ्यांचं, आबांचं, नाव टाकलं. लग्नपत्रिकेवर वडीलधाऱ्यांचं टाकतात, तसं.

यंत्रानं ते खरंच मानलं! प्रत्येक कामापुढे 'आबांची मंजुरी बाकी'. ॲप करणारी पोरं हातावर हात ठेवून बसली आणि मी दुपारी आबांना एकेक काम वाचून दाखवू लागले. तिसऱ्यालाच ते वैतागले. "मला काय इचारतीस? मला न्हाई त्यातलं कळत. तूच ठरव की."

लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच असं म्हणाले. मी लगेच म्हटलं, "मग तिथं माझं नाव टाकते, आबा."

तर म्हणाले, "नाव राहू दे माझं. चारचौघांत बरं दिसतं."

रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. नवरा म्हणतो, एवढ्याशा चौकटीचं काय घेऊन बसलीस? एवढीशीच आहे, तर मला द्यायला जड का जाते?

आत्ता ती चौकट पुन्हा उघडली. आबांचं नाव पुसून माझं लिहिलं. आणि सेव्ह दाबण्याआधी मागे वळून पाहिलं, दारात कोणी नाही ना. माझाच लॅपटॉप. माझंच नाव.