दोघींचं दूध

आई,

तुम्ही तणतणत होडीनं गावी गेलात, तेव्हापासून मी घरात नुसत्या येरझारा घालतेय. दूध वाढावं म्हणून महिनाभर तुम्ही मला डुकराचे पाय आणि कच्ची पपई शिजवून घातलीत, गरम चिकट भाताच्या पुरचुंडीनं छाती शेकलीत. जाताना मात्र शेजारणींसमोर म्हणालात, "हिचं दूध म्हणजे नुसतं पाणी. पोर सुकलं."

आज दवाखान्यात नर्सनं बाळाच्या, आपल्या तेपच्या तोंडात बोट घातलं. त्याची जीभ खालून बांधलेली होती, म्हणून त्याला दूध ओढताच येत नव्हतं. डॉक्टरांनी तो पातळ पडदा कापला. थोडं रडून तो पहिल्यांदाच पोटभर प्यायला. तुम्हाला फोन करून चांगलं सुनावणार होते.

पण नर्स म्हणाली, "बापाचीही बघा. घराण्यात असतं हे." तुमच्या क्वाननं जीभ बाहेर काढली, तर ती खालच्या ओठापर्यंतही येईना.

त्याला तुम्ही पेजेवर वाढवलंत. "माझंही दूध पाणीच होतं," असं तुम्ही आजही खाली मान घालून सांगता.

फोन उचलते, परत ठेवते. तुमचं दूध चांगलं होतं, हे आता साठीत तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू?

तुमची सून,
दिएम