डाळिंबाच्या सालीचा पिवळा

मंगळवार, संध्याकाळ

नखातला पिवळा अजून निघत नाही. दोनदा साबण लावला, राखेनं घासलं. सालीचा रंग असता तर एव्हाना गेला असता.

पुण्याच्या दुकानानं मागचे कुर्ते परत पाठवले होते. एक गडद, एक फिका, म्हणे. डाळिंबाच्या सालीचा रंग दर खेपेला वेगळा उतरतो, हे आप्पांनी फोनवर किती समजावलं. ऐकतंय कोण! म्हणून मागच्या आठवड्यात आप्पा जेवायला उठले तेवढ्यात मी उकळत्या भगुण्यात बाजारच्या रंगाची पुडी सोडली. आप्पांनी येऊन कापड बुडवलं. आईनं कुर्ते शिवले, प्रत्येकाला 'फक्त झाडापानांचा रंग' अशी चिठ्ठी टाचली. मी बघत राहिले. खोटं बोलले असं तरी म्हणायचं का? चिठ्ठ्या तर आईनं टाचल्या.

आज दुकानाचा फोन आला. हाच रंग पाहिजे, कायम.

आप्पा उरलेला कुर्ता घेऊन गल्लीभर दाखवायलेत. मला म्हणाले, "जमलं बघ पोरी. लय वर्षांनी हात बसला. कसं केलं ते वहीत लिहून ठेव, माझ्यामागं तुलाच करायचंय."

लिहिलं. डाळिंबाची साल, हिरडा, तुरटी. लिहिताना नख झाकून धरलं होतं.

उद्या आप्पा वहीत बघून नवं भगुणं चढवणार. आणि ते जेवायला कधी उठतात, याची वाट बघत मी तिथंच बसणार.