काकडीबरोबर माझीही तपासणी व्हावी

प्रति,
मा. अन्न सुरक्षा अधिकारी,
जिल्हा कार्यालय, सांगली.

अर्जदार: श्रीमती बनुबाई नाथाजी शेडगे, वय ५४, काम: जेवणावळीत भाजी व कोशिंबीर चिरणे, रा. मळईवाडी, ता. पलूस.

विषय: मळईवाडीच्या विषबाधेत दोष काकडीचा की अर्जदाराच्या हाताचा, हे दि. १५ जूनच्या आत लेखी कळण्याबाबत.

संदर्भ: १) ग्रामपंचायतीच्या फलकावरील सूचना, "काकडी, गाजर, बीट, टोमॅटो कच्चे खाऊ नये." २) आपल्या अहवालातील ओळ, "कोशिंबीर: नमुना मिळाला नाही."

महोदय,

१. दि. २७ एप्रिल रोजी आमच्या गावचे जवान उदयसिंह सेवानिवृत्त होऊन आले, त्यांच्या सत्काराचे जेवण होते. त्या जेवणाने एकसष्ट माणसे आजारी पडली व माजी हवालदार केरबा तात्या, वय ७८, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारले. जेवणातली काकडीची कोशिंबीर मी केली होती. माझी मुलगी रेश्मा पहिल्या बाळंतपणासाठी १५ जूनला म्हसवडहून माहेरी येत आहे. तिला माझ्या हातचे जेवण घालावे की नाही, हा माझा प्रश्न आहे. बाकी सगळा अर्ज त्यासाठीच आहे.

२. आपल्या अहवालात भात, भाजी, ताक व टाकीचे पाणी निर्दोष ठरले. राहिली कोशिंबीर. म्हणून फलकावर काकडीचे नाव लागले. तेव्हापासून गावात काकडीला कोणी हात लावत नाही. बाजारात लोक काकडीच्या ढिगाला वळसा घालून जातात. मला मात्र कोणी वळसा घातला नाही. फलकावर काकडीचे नाव आहे, माझे नाही.

३. काकडी चिरण्याची आमची रीत नमूद करते. देठाकडची चकती कापायची, ती काकडीवर घासून फेस काढायचा आणि एक पातळ काप तोंडात टाकून बघायचा. कडू निघाली तर बाजूला, गोड निघाली तर किसणीवर. एक कडू काकडी पातेलेभर कोशिंबीर घालवते, म्हणून प्रत्येक काकडी चाखावीच लागते. त्या दिवशी तीस किलो काकडी मी एकटीने चाखली. हात तोंडाला, तोंडातून विळीला, विळीवरून काकडीला. अकरा वर्षे असेच करत आले आणि त्याबद्दल शाबासकीच घेत आले. साली माझ्या दोन शेळ्यांनी खाल्ल्या. दोन्ही ठणठणीत आहेत. शेळ्यांचा जबाब घेता आला असता तर मला हा अर्ज लिहावा लागला नसता.

४. चौकशीत मला सोडून देण्यात आले, कारण सगळ्यात जास्त काकडी मी खाल्ली आणि मला काहीच झाले नाही. मीही तेच सांगत फिरले. पुढे आरोग्यसेविका दीक्षाताईंनी समाजमंदिरात बायकांना माहिती दिली. त्या म्हणाल्या, "कुणाकुणाच्या पोटात जंतू ऱ्हातात, त्यास्नी कायबी हुत न्हाई. पर त्यांच्या हातचं खाल्लं की दुसरा आजारी पडतो." हे ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. कोणी माझ्याकडे बघितले नाही. मीच माझ्या हातांकडे बघत बसले.

५. तात्या माझे चुलत सासरे. त्यांना दात नव्हते, म्हणून त्यांची कोशिंबीर मी वेगळी, बारीक किसली होती. ती त्यांनी दोनदा मागून घेतली. "बने, आणि वाढ की गं, सरळ घशाखाली उतरती," असे ते म्हणाले व मी वाढली. आता मी घरात कांदा चिरायला बसले तरी ते मागे बसून मागतात. मागे वळून बघते, तर फक्त भिंत असते. दहाव्याला त्यांच्या पत्नी माझा हात धरून म्हणाल्या, "तुज्या हातचं तेवढं पोटभर खाल्लं बघ त्यांनी." त्यांनी प्रेमाने म्हटले. मला तो हात सोडवून घ्यावासा वाटला. तेव्हापासून पिण्याच्या पाण्यात टाकतात त्या टीसीएल पावडरच्या पाण्याने हात धुते. कातडी सोलून निघाली आहे.

६. आता जे लिहिते ते जबाब समजावा. आपले अधिकारी आले तेव्हा त्यांनी मला विचारले होते, "कोशिंबीर उरली आहे का?" मी नाही म्हणाले. ते खोटे होते. कामाच्या बायका घरी जाताना डबा भरून नेतात, तसा मीही नेला होता. तो त्या वेळी माझ्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात होता. मी घाबरले. फेकून द्यायचेही धाडस झाले नाही. लाइट जाते तेव्हा बर्फ सुटतो. कधी व किती वेळ गेली ते कागदावर टिपून ठेवले आहे. तपासणीला उपयोग होत असेल तर करावा.

७. दि. २ जून रोजी मी त्या डब्यातली अर्धी कोशिंबीर खाल्ली. आजारी पडले तर दोष काकडीचा ठरेल, मी सुटेन, असा माझा विचार होता. उलटी व्हावी म्हणून मी सिद्धनाथाला नारळ बोलले. असा नवस त्या देवाला आजवर कोणी बोलले नसेल. आज आठवा दिवस आहे. मला काहीही झालेले नाही. साहेब, मला फार भीती वाटते.

८. तरी विनंती, की उरलेल्या अर्ध्या कोशिंबिरीची व माझी, दोन्हींची तपासणी करावी. माझे रक्त, शौच, नखे, जे लागेल ते देईन. दोष काकडीचा निघाला तर शिजवून, धुऊन, सोलून कशी खावी ते फलकावर लिहावे, म्हणजे लोकांची भीती जाईल. दोष कशातच निघाला नाही तर तसेही लिहून द्यावे. मी तो कागद देव्हाऱ्यात ठेवीन. दोष माझा निघाला तर रेश्माला मी सासरीच थांबवीन. तिला कारण काय सांगायचे ते माझे मी बघेन.

९. शेवटची विनंती. दोष माझा निघाल्यास कार्यालयाने तात्यांच्या घरी पत्र पाठवू नये व माणूसही पाठवू नये. आधी मला कळवावे. त्यांच्या दारात जाऊन हे मला माझ्या तोंडाने सांगायचे आहे. त्यानंतर माझे नाव फलकावर लावण्यास माझी हरकत नाही.

कळवा, एवढेच मागणारी,

बनुबाई नाथाजी शेडगे
(सही, अक्षर माझेच)
मळईवाडी, दि. ९ जून २०२५

सोबत:
१) स्टीलचा डबा, झाकण दोऱ्याने बांधलेले. कृपया कोणी चाखू नये.
२) लाइट गेल्याच्या वेळांचा कागद.
३) दि. २७ एप्रिलच्या जेवणाबाबत चौकशीत दिलेल्या जबाबाची प्रत. त्यातील माझे "नाही" हे उत्तर खोडावे.