देव्हाऱ्यापुढची गरम फरशी

प्रिय आत्या,

तुझ्या देव्हाऱ्यापुढची फरशी काल बसवली. वाळेपर्यंत तिच्यावर पाय ठेवायचा नाही, आणि मला तर एका जागी बसवत नाही. म्हटलं, तुलाच लिहावं. सिंगापुरात जमीन गरम करतोय, हे दुसऱ्या कुणाला सांगू?

सामानासाठी अख्खं जुरोंग ईस्ट पालथं घातलं. एक दुकानदार तर हसतच सुटला, "आउटसाइड सो हॉट, यू वॉन्ट हॉट फ्लोअर? क्रेझी लाह!" त्याला काय माहीत काकांचा, म्हणजे तुझ्या 'अहों'चा एसी! जन्मभर जहाजाच्या इंजिनरूममध्ये भाजून निघालेला माणूस. घराचा हिमालय केल्याशिवाय झोपच यायची नाही. आणि सकाळी त्या गारढोण फरशीवर तू अनवाणी पूजेला उभी. मोजे घाल म्हटलं की, "देवासमोर? शहाणाच आहेस!"

पाय एवढे ठणकायचे, तर एकदा तरी त्यांना एसी बंद करा म्हणायचंस ना गं! म्हणे, "असू दे, त्यांनी पुष्कळ उकाडा सोसलाय."

कोरियात भटकताना गरम जमिनीवर झोपलो, ते तुला व्हॉट्सॲपवर सांगितलं होतं. तिथला समुद्र, मासळीबाजार, त्या भांडखोर म्हाताऱ्या... जाऊ दे. तू ती गरम जमीनच धरून बसलीस. "मला तसं करून दे रे. फरशीकाम शिकलायस ना?" कॉलेज सोडून शिकलेल्या कामाचं कौतुक करणारी घरात तू एकटीच!

शेवटी मागवलेल्या सामानाचं खोकं आलं, तेव्हा तू नव्हतीस.

काका म्हणाले, "परत पाठव. आता कुणाच्या पायांसाठी?" तू गेल्यापासून एसी बंद. घामाने निथळत बसतात. देव्हाऱ्याकडे बघत नाहीत. दिवा नाही, फूल नाही. मी म्हटलं, "काका, आत्याने सांगितलेलं काम आहे. होणार!" आणि जुनी फरशी उखडायला घेतली.

गरम होणारी वायर चिकटवलेली जाळी अंथरली. देव्हारा बसतो तिथेसुद्धा. देवांना कशाला वगळायचं? तेवढ्यात मागून आवाज, "गाढवा, देवांना शेक देतोस का? वर लाकूड ठेवलंस की उष्णता कोंडेल, वायर जळेल!" मी कात्री उचलली, तर केवढ्यांदा ओरडले, "जाळी काप! वायरला हात लावलास तर बघ!"

आणि गुडघे विसरून स्वतःच खाली बसले गं! वायर वळवली, मीटर लावून तपासली. फरशी बसल्यावर पुन्हा तपासली. "नाहीतर नंतर काय कपाळ फोडणार आहेस?" किती दिवसांनी ओरडले!

आता खुर्ची टाकून राखण करतायत. मी जवळून गेलो तरी डोळे वटारतात. वाळली की इलेक्ट्रिशियन येऊन जोडणी करेल.

माझ्या पायाला भिंगरी आहे म्हणायचीस ना? मग ऐक. व्हिएतनाम डोक्यात घोळतंय, पण काका एसी लावून, त्या फरशीवर उभे राहून दिवा लावेपर्यंत मी बॅगेला हात लावणार नाही. टाळाटाळ केली, तर तुझ्याच आवाजात ओरडेन, "अहो, चपला काढा आधी!"

तुझा,
भिंगऱ्या