आपलं नाव आपण सांगायचं

१७ जून
इस्लापूरला एस.टी.तून उतरताना कंडक्टरनं विचारलं, सासरवाडीला का? म्हटलं, न्हाई बाबा, बावीस लेकरांच्या घरी. पंचवीस वर्षं अहमदपुरात लाउडस्पीकर भाड्यानं दिले, शून्यातून दुकान उभं केलं. आता दुकान मुलगा बघतो आणि मी मिशनच्या वसतिगृहात सेवेला आलो. स्वयंपाकवाल्या भामाबाईनं आल्या आल्या चहा दिला. आधीचा वॉर्डन लई चिडका होता म्हणे. "तुमी हसरे दिसून राहिले भाऊ, बगू किती दिस टिकतं." पास्टर आनंदराज माझ्या मुलाच्या वयाचे, पण बोलणं आजोबांचं.

इथली एक रीत आवडली. जेवणाआधी सगळे डोळे मिटतात आणि एकेक लेकरू म्हणतं, "प्रभू, मी सुदर्शन." "प्रभू, मी ऋतुजा." मग आमेन, मग घास. आपलं नाव आपण सांगायचं, दुसऱ्यानं नाही, हा कडक नियम. डोळे मिटूनही कोण कुठं बसलंय ते मला कळतं. कर्ण्यांत आयुष्य गेलं, कान तेवढे पक्के.

२० जून
तनुजा सात वर्षांची. आई वारल्यापासून बोलत नाही. तिचा नंबर आला की सगळे थांबतात. आज अर्धा तास थांबलो तेव्हा आमेन झालं. वरण पार निवलं. नाव ओठांपर्यंत येतं आणि मागं फिरतं. तिच्या वतीनं कुणी म्हटलं तर काय बिघडेल, असं मी पास्टरना विचारलं. ते म्हणाले, मामा, तुम्ही इथं तिला बोलवायला नाही, थांबायला आलात. झोंबलं, पण खरं होतं.

जेवताना तिनं आपल्या ताटातली चटणी गुपचूप माझ्या ताटात ठेवली. दोस्ती झाली म्हणायची.

२४ जून
आज चूक केली. लहानगी पोरं भुकेनं चुळबुळत होती, तनुजाच्या डोळ्यांत पाणी. धंद्यात असताना लग्नाच्या मंडपात मी माइकवर बायकापोरांचे आवाज काढून लोकांना हसवायचो. तसाच बारीक आवाज काढला : "प्रभू, मी तनुजा." पोरं खिदळली. तनुजासुद्धा. पास्टर मात्र डोळे उघडून माझ्याकडं बघत राहिले. नंतर एवढंच म्हणाले, थांबायला हवं होतं.

२५ जून
तिचा नंबर आला आणि लगेच ऐकू आलं, "प्रभू, मी तनुजा." स्पष्ट, गोड. भामाबाईनं पदर डोळ्यांना लावला. पास्टरनी देवाचे आभार मानले, मला मिठी मारली.

मी तिच्या शेजारी बसलो होतो. आवाज शेजारून आला नाही. मागून आला, भिंतीकडून, तिच्या डोक्याच्या जरा वरून. आणि तो कालचाच होता, मी काढलेला.

२८ जून
आता तो आवाज तिच्या नावानं शाळेत हजेरी देतो, पाढे म्हणतो. तनुजा तोंड मिटून माझा शर्ट धरून असते. पास्टरना सगळं सांगितलं. म्हणाले, मामा, चमत्कार पचवायलाही श्रद्धा लागते. भामाबाई म्हणाली, "लेकरू बोलाया लागलं अन् तुमचंच तोंड का उतरलं?"

३० जून
तनुजाला ताट वाढलं नाही. विचारलं तर भामाबाई म्हणाली, ती जेवली की, आत्ताच गाणं म्हणत गेली. तनुजा तिच्यासमोर उभी होती.

१ जुलै
नांदेडच्या दवाखान्यात न्यावं म्हणून तिला घेऊन एस.टी.त बसलो. अर्धं तिकीट मागितलं. कंडक्टर म्हणाला, कुणाचं? एका बाईनं बाकावरची जागा मोकळी समजून तिच्या मांडीवर पिशवी ठेवली. तनुजा रडलीसुद्धा नाही.
पुढच्या थांब्याला उतरलो.

२ जुलै
जेवणाआधी मोठ्यानं सांगितलं — प्रभू, त्या दिवशी तो मी होतो, ती नव्हती. माफ कर. नाव तिचं तिला परत दे.
भिंतीकडून हसू आलं. माझंच, मंडपातलं, बारीक करून.
सगळे माझ्याकडं बघून राहिले होते. कुणाला वाटलं तनुजा हसली. कुणाला वाटलं मी.

३ जुलै, दुपार
पास्टरनी माझ्या मुलाला फोन केला. तो गाडी घेऊन निघालाय, मला न्यायला. मी गेलो की तनुजाला बघणारं कुणी नाही.

जेवणाच्या खोलीतच लिहितोय. सगळ्यांचे डोळे मिटलेत. माझा डावा हात तिनं धरलाय. तिला सांगितलं, बाई, तुझं तू सांग, मी घाई करत नाही —

सुदर्शन झाला. ऋतुजा झाली —

तिचे ओठ हलले. भिंत गप्प. थांबतोय — सगळेच थांबलेत —

"प्रभू, मी" — तिचा, खरा, घोगरा आवाज — आज पहिल्यांदा —

पुढचं "तनुजा" मागून — भिंतीतल्या त्या आवाजात — माझ्या कानाशी —

आमेन झालं. पोरांनी घास उचलले. डावा हात मोकळा — शेजारी कुणी नाही — मुठीत ऊब आहे अजून — बाई, थांब, मी —