एका खाटेची दोन नावं

मंगळ., १२ फेब्रुवारी १९५७
कमल पाच दिवस पुण्याच्या दवाखान्यात. ताप १०४, बडबडते. बाळंतपणाला महिना नाही झाला. थानाला गळू आलं, ते भोसरीच्या सुईणीनं वस्तऱ्यानं फोडलं. विहीणबाई शेजारी उभ्या. "आमच्यात असंच करत्यात." डॉक्टर म्हणतो, पू रक्तात गेलाय. तुमच्यात काय करतात ते दिसतंच आहे.

जावई दत्तू पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यात बाटल्यांना चिठ्ठ्या डकवतो. विहीणबाई वॉर्डभर सांगत फिरतात, "आमच्या दत्तूच्या हातची बाटली हाय, गुण येनारच." जणू त्यानंच ते रांधलंय.

बुध., १३
सुया चालू. ताप तसाच. हुडहुडी भरली की खाट हलते. दत्तूला विचारलं, औषध लागू पडतंय का? "मामी, माल एक नंबर आहे." मी मालाचं विचारलं नव्हतं.

डॉक्टर पोरगेला. रक्त शनिवारीच तपासायला दिलंय, कागद आला की कुठलं औषध चालेल ते कळेल. कागद कुठाय? "येईल हो, बाई." येईल.

ह्यांच्या पायाला फाळ लागला होता तेव्हा असाच ताप. आठ दिवसांत गेले. तेव्हा औषधच नव्हतं, रागवायला कुणी नव्हतं. आता आहेत.

शुक्र., १५
गुडघा सुजला. रक्तातला पू तिथं उतरलाय म्हणे. कागदाचा पत्ता नाही, म्हणून रक्त तपासतात त्या खोलीशी मीच गेले. कारकुनानं वही चाळली. "कमल नाही. एक शालिनी आहे. बुधवारी कागद वॉर्डात पाठवला, अशी बाईच नाही म्हणून परत आला."

शालिनी. लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं नाव. तीन वर्षं मी ते तोंडात घेतलं नाही. ताटातल्या तांदळावर अंगठीनं तीन अक्षरं कोरली म्हणून माझी लेक बदलत नाही. भरती करताना नाव मी सांगितलं. रक्त घेताना दत्तू होता, त्यानं त्याचं सांगितलं. दोघंही खरंच बोललो.

डॉक्टरनं कागद वाचला नि मान खाली घातली. तिच्या रक्तातल्या जंतूंवर पेनिसिलीन चालतच नाही. कागद परत गेल्यापासूनचे दोन दिवस पाणीच टोचलं म्हणायचं.

विहीणबाई: "लेकीचं नाव सांगाया येत न्हाई, आन् म्हनं पेपर वाचत्यात."
पुड्यांचे कागद वाचून शिकले मी, कुणाच्या बापाचं खाल्लं नाही. पण ह्या बाईचं बोलणं आजवर एकदा खरं ठरलं, ते नेमकं आज.

रवि., १७
दुसरं औषध पुण्यात नव्हतं. दत्तू खाडा करून मुंबईला गेला, घेऊन आला. काल दुपारपासून सुरू. बाटली हातात फिरवत बसला होता. "मामी, लेबल वाकडं लावलंय त्यांनी." मूर्ख. रडत होता.

बुध., २०
ताप १०१. हुडहुडी दोन दिवस नाही. गुडघ्यातून सुईनं पू काढला, वाटीभर. विहीणबाईंनी अंगारा आणलेला, जखमेला लावणार होत्या. हात धरला मी. "बोट तरी धुवा." कपाळाला लावला, तिथं लावू दिला.
दुपारी कमल म्हणाली, "बाळ दूध पितंय का गं?" भरती केल्यापासून पहिलं धड वाक्य. पितंय म्हटलं. शेळीचं पितंय, ते नाही सांगितलं.

गुरु., २१
पुन्हा रक्त घेतलं. नाव विचारलं तेव्हा दत्तू माझ्याकडे बघत राहिला. मीच म्हटलं, "सांगा की, तोंड शिवलंय का?" दोन्ही लिहून घेतली.

रक्ताची बाटली न्यायला आलेला म्हातारा बोलका. "हे पेरावं लागतं, बाई. तीन दिवस ऊब द्यायची. उगवलं तर रोग अजून रक्तात आहे."
सारा जन्म शेतात गेला. पेरलेलं उगवू नये, असं देवाला कधी म्हणावं लागलं नव्हतं. आज म्हटलं.
ताप संध्याकाळी १०० पॉइंट ६.